बांधावरचे झाड आणि वखारीतली फळी

कोल्हापुरातून बाहेर पडून उचगाव मागे टाकले की रस्त्याच्या दोहो बाजूंना कापडाच्या दुकानांच्या पाट्या सुरू होतात. हे गांधीनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी येथे संसार थाटले आणि कापडाची अशी पेठ उभी केली, की लग्नाचा बस्ता बांधायला लांबलांबची माणसे येथे येतात. त्याच्याही आधी, १९४३ ते १९४८ या काळात, शेजारच्या वळिवड्याला पोलंडमधल्या निर्वासितांची छावणी होती. युद्धाने घरदार हिरावलेली ही माणसे पंचगंगेकाठच्या मुलखात पाच वर्षे राहिली आणि निघून गेली. गांधीनगरच्या दक्षिणेला, दुकानांची गर्दी जरा विरळ होते न होते तोच, लागते ते गडमुडशिंगी. त्याच्या दक्षिणेला विमानतळ. उत्तरेला कापड, दक्षिणेला विमाने आणि मधे ऊस, अशी या गावाची चतुःसीमा आहे.

नावात गड आहे, पण गड पाहायला म्हणून येथे कोणी येत नाही. धबधबा नाही, लेणी नाहीत, थंड हवेचा डोंगर तर नाहीच नाही. मग येथे पाहायचे काय? आमचे उत्तर सोपे आहे. बांध पाहावेत. शेताशेतांमधून जाणाऱ्या पायवाटेने तासभर चालावे आणि बांधावर काय उभे आहे व काय उभे नाही, एवढेच पाहावे. कोठे एखादी जुनी चिंच दिसेल, कोठे रायवळ आंबा, विहिरीच्या काठाला जांभूळ किंवा कडुलिंब, ओढ्याच्या कडेला बाभळी. आणि मधेमधे मातीशी सपाट कापलेले बुंधे दिसतील. त्या बुंध्यांपाशी जरा थांबावे. या गावचा, आणि गावच कशाला, साऱ्या ऊसपट्ट्याचा एक मोठा हिशेब त्या बुंध्यांवर कोरलेला आहे.

हा हिशेब आम्हाला प्रथम समजावून सांगितला तो बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने. त्याच्या चिंचेखाली एक व्यापारी नुकताच फेरी मारून गेला होता. त्याने झाडाला मिठी मारल्यासारखे करून घेर अजमावला, मान वर करून शेंडा पाहिला, बुंध्यावर दोन ठिकाणी दगड वाजवून आत पोकळ आहे का ते ऐकले आणि एक आकडा सांगून तो चालता झाला.

“मग काय ठरवलंत, आण्णा?” आम्ही विचारले.

“ठरवतोय काय, पाव्हणं! फळी घ्यायला वखारीत गेलो तर भाव ऐकून छाती दडपती. आन् त्योच वखारवाला आपल्या दारात आला की म्हनतो, लाकडाला मागणीच न्हाई. आता हितनं तितं जाईस्तोवर लाकडाला काय सोनं लागतं?”

प्रश्न साधा आहे आणि लाख मोलाचा आहे. वखारीतली फळी महाग का आणि बांधावरचे झाड स्वस्त का? ‘व्यापारी लुबाडतो’ हे उत्तर तयारच असते आणि ते पुष्कळदा खोटेही नसते. पण तेवढ्याने कोडे सुटत नाही.

हे कोडे सोडवायचे तर फळीपासून उलट्या पावलांनी झाडापर्यंत जावे लागते. झाड पाडायचे तर तोडणारी माणसे हवीत. उसाच्या फडात झाड आडवे पडून चालत नाही, म्हणून दोर लावून, फांद्या उतरवून, बेताने पाडावे लागते. मग ओंडके करायचे, ते बांधावरून रस्त्यापर्यंत ओढायचे, ट्रकात चढवायचे, परवान्याची यातायात करायची, गिरणीत कापून घ्यायचे, वाळवायचे आणि गिऱ्हाईक येईपर्यंत वखारीत ठेवायचे. यातली प्रत्येक पायरी आपला वाटा कापून घेते. शिवाय गोल ओंडक्यातून चौकोनी फळी काढताना निम्म्याच्या आसपास लाकूड भुसा, पाठे आणि तुकडे होऊन जाते. या साऱ्यांचे देणे भागून जे उरेल ते झाडाच्या धन्याचे. म्हणजे पंगतीत सर्वांत शेवटी बसणारा हाच, आणि जेवण मात्र त्याच्याच घरचे!

एक उदाहरण घेऊ. हे आकडे बाजारभाव नव्हेत; हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत. समजा, कापीव लाकूड घनफुटाला १००० रुपयांनी विकले जाते. ओंडक्यातले निम्मेच कामी येते, तेव्हा ओंडक्याचा एक घनफूट ५०० रुपयांचा झाला. तोड, ओढ, भाडे, कटाई आणि व्यापाऱ्याचा नफा मिळून ३०० रुपये गेले. उभ्या झाडाला उरले २००. आता फळीचा भाव १२०० झाला असे धरा. ओंडका ६०० चा झाला, खर्च तोच, मग झाडाला ३०० उरायला हवेत. म्हणजे फळी वीस टक्क्यांनी चढली तर झाड पन्नास टक्क्यांनी चढले पाहिजे. उलट फळी ८०० वर आली तर झाडाला १००च उरतात, म्हणजे किंमत एकदम निम्मी. फळी एक पाऊल हलली की झाडाची किंमत अडीच पावले हलते, ती अशी. उतरतीच्या वेळी हा हिशेब धन्याला न चुकता ऐकवला जातो. चढतीच्या वेळी तो त्याने स्वतःच मांडावा लागतो.

आणखी एक गोष्ट यातून निघते. खर्चाचा मोठा भाग वाहतुकीचा असतो. चंदगड-आजऱ्याच्या आडबाजूच्या डोंगरउतारावरचे झाड आणि गडमुडशिंगीच्या पक्क्या रस्त्यालगतचे झाड ही जात, घेर, उंची यांत जुळी असली, तरी त्यांची किंमत एक असू शकत नाही. शहराच्या कुशीत असणे हे गडमुडशिंगीच्या झाडाचे एक अदृश्य धन आहे. सौदा करताना ते शेतकऱ्याने विसरता कामा नये. व्यापारी ते आपण होऊन आठवून देणार नाही.

*

आता मोजमापाकडे येऊ. आपल्याकडे ओंडका मोजण्याची जुनी रीत घेराच्या पावपटीची आहे. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि मग लांबीने गुणायचे. घेर ४ फूट, लांबी १० फूट असेल तर चौथा हिस्सा १ फूट. एके एक, आणि गुणिले दहा, म्हणजे १० घनफूट. पाटी-पेन्सिलीशिवाय जमणारा हा हिशेब इंग्रजांनी रूढ केला.

पण शाळेत शिकलेले वर्तुळाचे गणित लावून पाहिले तर त्याच ओंडक्यात सुमारे पावणेतेरा घनफूट लाकूड भरते. म्हणजे या रीतीने शंभरातले एकवीस-साडेएकवीस घनफूट हिशेबातच येत नाहीत. कापताना पाठे वाया जातात, त्याची सूट म्हणून ही रीत पडली असे तिचे समर्थन केले जाते. तेही समजून घेता येईल. पण एकदा मोजणीत सूट दिल्यावर पुन्हा भाव ठरवताना “घट फार जाते हो” असे म्हणून दुसऱ्यांदा सूट मागणे, हे एका आंब्याची साल दोनदा काढण्यासारखे आहे.

त्यातही गावोगाव झाड बहुधा मोजून विकलेच जात नाही. सौदा उक्ता होतो. व्यापारी नजरेने अंदाज घेतो, विसार हातावर ठेवतो आणि झाड त्याचे होते. व्यापाऱ्याची नजर हजार झाडांवर तयार झालेली असते. शेतकरी मात्र आयुष्यात चार-दोन झाडे विकतो. एकाने रोज पत्ते पिसावेत आणि दुसऱ्याने वर्षा-दोन वर्षांतून एकदा दिवाळीत हातात घ्यावेत, तसा हा डाव आहे. छातीच्या उंचीवरचा घेर दोरीने मोजणे, सरळ बुंध्याची उंची काठीच्या अंदाजाने धरणे, आणि एका व्यापाऱ्याऐवजी तिघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावणे, याला दिडकीचाही खर्च नाही. पण पुष्कळ ठिकाणी एवढेही होत नाही, कारण झाड विकायची वेळ येते तीच मुळी घाईची असते. घरात लग्न, आजारपण, नाहीतर भावाभावांची वाटणी. नडलेल्या माणसाच्या झाडाचा घेर कोण मोजीत बसतो?

*

झाडांच्या किमतीचा इतिहास पाहिला तर मोठा मौजेचा आहे. एके काळी या मुलखात बाभळीला मान होता. गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे, नांगर, कुळव, कुरी, जू, मोटेची चाके, उसाचा लाकडी चरक, सारे बाभळीवर चाले. सुताराने आधीच सांगून ठेवलेली बाभळ शेतकरी वर्षानुवर्षे राखून ठेवी. मग किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी चरक आले, मोटेच्या जागी इंजिने आली, गाडीला रबरी चाके लागली आणि पुढे गाडीच गेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंडाची भट्टी जसजशी तापत गेली तसतशी बांधावरची बाभळ थंड होत गेली. तीच जात, तोच चिवट गाभा. पण किंमत उतरून सरपणाच्या काट्यावर येऊन बसली. तिच्या सालीला तेवढा जुना मान थोडासा राहिला. कोल्हापुरी चपलेचे कातडे कमवायला बाभळीची साल आणि हिरडा लागतो, आणि त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आंब्याचेही तसेच. त्याचे लाकूड खोक्यांना आणि स्लॅबच्या फळ्यांना चाले. स्लॅबला आता लोखंडी पत्रे आले, खोक्यांच्या जागी पुठ्ठा आला. सागवानाचे मात्र वेगळे. जुन्या कोल्हापूरच्या वाड्यांत जे साग दिसते त्याची पिढी आता जवळजवळ संपली आहे. वाडा उतरवला जातो तेव्हा त्याच्या तुळया, खांब आणि चौकटी विकत घेण्यासाठी माणसे आधीपासून येऊन बसतात. शंभर वर्षे घरात वाळलेले लाकूड नव्यापेक्षा भरवशाचे, हे सुताराला कळते.

आणि नवे लाकूड येते कोठून? पुष्कळसे समुद्रावरून. आफ्रिकेतले साग, न्यूझीलंडचे पाइन कच्छच्या कांडला बंदरात उतरते आणि गांधीधामच्या गिरण्यांत कापले जाते. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. गांधीधाम हेही फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठीच वसवलेले गाव. म्हणजे एका निर्वासितांच्या गावाने गडमुडशिंगीच्या शेजारी कापडाची पेठ मांडली आणि दुसऱ्याने शेकडो मैलांवरून त्याच गडमुडशिंगीच्या झाडाला प्रतिस्पर्धी पाठवला. बांधावरच्या चिंचेची किंमत गावच्या पाराशी ठरते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा बंदरावर जाऊन पाहावे.

साता समुद्रापलीकडचीही एक हकीकत ऐका. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत कापीव लाकडाचा भाव हजार बोर्ड फुटांना १६०० डॉलरच्या वर गेला. साथीच्या आधी तो ४०० डॉलरच्या आसपास असे. घर बांधणारे रडकुंडीला आले, गिरणीवाल्यांचे उखळ पांढरे झाले. पण जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या पाइनच्या मळेवाल्यांना उभ्या झाडाचा भाव जवळजवळ पूर्वीचाच मिळत राहिला. कारण काय? १९८५ च्या कायद्यानंतर सरकारी मदतीने तेथल्या पडीक शेतजमिनींवर झाडे लावली गेली होती, ती सारी एकाच वेळी तयार होऊन उभी होती. आणि ती कापायला गिरण्या मात्र मोजक्याच. जेथे झाडे उदंड आणि गिरण्या चार, तेथे चढत्या भावाचे लोणी गिरणीत राहते, रानापर्यंत पोचत नाही. आमच्या आण्णांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते मनापासून हसले. म्हणाले, “म्हंजे तितंबी आमच्यासारखंच हाय म्हना की! बरं वाटलं बगा.”

आपल्याकडेही गिरण्या मोजक्याच राहतात, त्याचे कारण मात्र निराळे आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घालणारा मोठा आदेश दिला आणि पुढे लाकूड कापण्याच्या गिरण्यांचे परवानेही कडक झाले. जंगल वाचवण्यासाठी ते हवेच होते. पण स्वतःच्या शेतात झाड वाढवणाऱ्याला गिऱ्हाइके कमी राहिली, हा त्याचा दुसरा पदर आहे.

*

कायद्याची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतले झाड त्याचे. परंतु आपले झाड आपण केव्हाही तोडावे असे नाही. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याला जोडलेल्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, मोह, ऐन, किंजळ अशी झाडे आहेत. ती तोडायची तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तोडलेले लाकूड हलवायचे तर १९२७ च्या वन कायद्याखालचा वाहतूक पास, आणि ओंडक्यावर हातोड्याची खूण. निलगिरी, सुबाभूळ अशा लवकर वाढणाऱ्या जातींना पासातून सूट आहे. शेतातल्या बांबूलाही २०१७ साली कायद्यातल्या ‘झाड’ या शब्दातून मोकळे करण्यात आले. तोवर गवताच्या कुळातला बांबू कागदोपत्री वृक्ष म्हणून मिरवीत होता!

आता यातली खोच पाहा. ज्या झाडाला तोडताना कागद लागतात ते शेतकरी लावीत नाही, आणि ज्याला लागत नाहीत ते लावतो. झाडे वाचवण्यासाठी केलेला नियम आंबा-चिंच वाचवतो खरा, पण नवी चिंच लावणाऱ्याचा हात जरा मागे घेतो. शिवाय शेतकरी कागदांना कंटाळतो आणि “सगळं मी बघतो” म्हणणाऱ्या व्यापाऱ्याच्या स्वाधीन झाड करतो. त्या ‘सगळं बघण्या’ची किंमत झाडातूनच वजा होते. परवानगीचा अर्ज स्वतः करणारा शेतकरी सौद्यात एक पायरी वर उभा असतो, हे ध्यानात ठेवावे.

या बाबतीत कोल्हापूरच्या मातीतली एक फार जुनी आठवण आहे. इसवी सन १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. हे अमात्य बावड्याचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना त्यांनी रयतेच्या आंबा-फणसांबद्दल जो विवेक दाखवला आहे तो आजही थक्क करतो. त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड फारच जुने होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, किंमत देऊन मग तोडावे, जबरदस्ती करू नये, असा त्याचा आशय. तीनशे वर्षांपूर्वी लढाऊ गलबतांची निकड असताना राज्यकर्ता ‘आधी धन्याची संमती, मग किंमत, मग कुऱ्हाड’ असा क्रम सांगतो. हा क्रम आजच्याही प्रत्येक सौद्याला लागू करावा असा आहे.

संमती आणि किंमत हे शब्द गडमुडशिंगीला परके नाहीत. राजाराम महाराजांच्या काळी, १९३९ साली, येथले विमानतळ सुरू झाले. अलीकडे त्याचा विस्तार झाला, १० मार्च २०२४ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, आणि त्या विस्तारासाठी गडमुडशिंगीच्या हद्दीतली जमीनही लागली. जमीन जाते तेव्हा झाडही जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीवरच्या झाडांचे मोल ठरवण्यासाठी शेती, वने, फळबागा यांतल्या जाणकारांची मदत घेण्याची तरतूद आहे, आणि ठरलेल्या भरपाईवर शंभर टक्के दिलासा रक्कमही आहे. म्हणजे बांधावरच्या झाडाची नोंद सातबाऱ्यावर नीट आहे की नाही, हा प्रश्न एरवी कोणाला पडत नाही, तो एका नोटिशीच्या दिवशी साऱ्या घराला पडतो. शहाण्याने तो आधीच पाडून घ्यावा.

*

मग झाड ठेवावे की विकावे?

मार्टिन फाउस्टमन नावाच्या एका जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ साली या प्रश्नाचे गणित मांडले. ते बिकट आहे, पण त्याचा गाभा घरगुती आहे. झाड म्हणजे मातीत ठेवलेली ठेव. ठेवीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा झाड वेगाने वाढत असेल तोवर ते उभे ठेवावे. वाढ व्याजाच्या खाली आली की कुऱ्हाडीची वेळ झाली. आपल्या पावपटीच्या रीतीनेच पाहा. लांबी तीच धरली, तर घेर ३ फुटांवरून ४ वर जाताना लाकूड ७८ टक्क्यांनी वाढते, ४ वरून ५ वर जाताना ५६ टक्क्यांनी, ५ वरून ६ वर जाताना ४४ टक्क्यांनी. म्हणजे झाड जाड होत जाते पण त्याचे व्याज बारीक होत जाते. याला तोल देणारी गोष्ट अशी, की जाड ओंडक्याचा घनफुटाचा भावही चढा असतो. म्हणून कोवळे झाड विकणे हे मुदतीआधी ठेव मोडण्यासारखे आहे.

गणित न करता स्वप्ने पाहणाऱ्यांचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात सागाच्या लागवडीच्या योजनांचे पेव फुटले. आज काही हजार द्या, वीस वर्षांनी लाखो घ्या, अशा जाहिरातींना शहरातल्या पगारदारांनी पैसे दिले. कित्येक योजना बुडाल्या आणि १९९९ साली सेबीला अशा सामूहिक गुंतवणुकीसाठी नियम करावे लागले. सागाचा गाभा भरायला जंगलात साठ-ऐंशी वर्षे लागतात. कागदावर तो वीस वर्षांत भरतो, कारण कागद हेही शेवटी मेलेले लाकूडच!

पण गडमुडशिंगीच्या बांधावर खरा शत्रू व्याज नव्हे, ऊस आहे. चाळीस फूट व्यासाची सावली पाडणारी चिंच एक गुंठ्याहून थोडी अधिक जमीन झाकते. एकरी चाळीस टन ऊस धरला तर गुंठ्याला एक टन. २०२४-२५ च्या हंगामाला सरकारने ठरवलेली रास्त आणि किफायतशीर किंमत, १०.२५ टक्के उताऱ्याला, क्विंटलमागे ३४० रुपये होती. म्हणजे टनाला ३४००. सावलीत निम्मा ऊस बुडाला तरी वर्षाला दोन हजारांच्या घरात खोट येते, आणि सूर्य कलेल तसा शेजाऱ्याच्या फडावरही तिचा काळोख पडतो. मग बांधावरून बोलाचाली होतात. झाड तोडण्याचे कारण विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, “शेजाऱ्याची कटकट नको.”

ही झाली खर्चाची बाजू. जमेची बाजू कोणी मांडत नाही. चिंच दरवर्षी उक्ती विकली जाते. आंबा घरच्या पोरांना आणि लोणच्याला पुरतो. उन्हाळ्यात भांगलणीच्या बायका दुपारची भाकरी त्याच सावलीत सोडतात, बैल-म्हशी तेथेच बसतात, विहिरीची कड आणि ओढ्याचा काठ मुळांनी धरून ठेवलेला असतो. कुळवाचा दांडा आणि घराचा वासा एकदाच विकत घ्यावा लागतो. सावली रोज विकत घ्यायची म्हटले तर कोणत्या वखारीत मिळेल? व्यापारी देतो ती किंमत लाकडाची असते. झाडाची किंमत धन्याने स्वतःच त्यात मिळवायची असते आणि मगच तोलून पाहायचे असते.

आम्ही काही ‘झाडे तोडू नका’ असा उपदेश करायला गेलो नव्हतो. ज्याच्या घरी लग्न आहे त्याला सावलीचे गुणगान सांगणे सोपे असते, बस्ता मात्र त्यालाच बांधायचा असतो. पण विकायचेच तर ऐन गरजेच्या दिवशी नव्हे, वर्षभर आधी विचार करून विकावे. घेर मोजावा, तिघांना विचारावे, परवानगी आपण काढावी, आणि ज्या बुंध्यावर कुऱ्हाड पडेल त्याच्याजवळ, शेजाऱ्याच्या फडावर सावली पडणार नाही अशा जागी, एक रोप लावावे.

गडमुडशिंगीहून परतताना वळणावळणावर ते सपाट कापलेले बुंधे दिसत राहतात. एकेकाने पन्नास-साठ वर्षे पाहिलेली असतात. काही बुंध्यांच्या कडेने पालवी फुटलेली असते, कारण मूळ अजून जिवंत आहे आणि उसाला सोडलेले पाणी त्यालाही पोचते. चिंचेचे तसे फुटवे धरले, त्यातला एक जोमदार राखून बाकीचे छाटले, तर तेथेच पुन्हा झाड होते. रोप विकत आणायचीही गरज पडत नाही. फक्त नांगराच्या फाळापासून आणि शेरडांच्या तोंडापासून चार-पाच वर्षे त्याला जपावे लागते. एवढी चार-पाच वर्षे जो देईल, त्याच्या नातवाच्या दारात वखारवाला पुन्हा येईल. त्या वेळी त्या नातवाच्या हातात मोजायची दोरी असावी, म्हणजे झाले.